फोर्ड मॉडेल ए, १९३० : स्टिअरिंगच्या थरथरीच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४

गाडी काल रात्री मोठ्या टेंपोवर चढवून कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणली. मॉडेल ए, फेटन म्हणजे उघडी, कापडी टपाची गाडी, १९३०. स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे कॅनडातल्या फोर्डची. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना गाड्या तिकडूनच जायच्या आणि १९२६ साली निघालेली फोर्ड इंडियाही त्या कॅनडावाल्यांचीच शाखा. मालक वडिलांचे जुने स्नेही, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. गुरुप्रतिपदेला याच गाडीने नरसोबाच्या वाडीला जायचा त्यांचा हट्ट आहे. तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो: "पन्नासाच्या वर गेलं आणि डाव्या चाकाखाली काय आलं की चाकांना भूत लागतं."

वरातीला, मिरवणुकीला गाडी छान चालते म्हणे. वरातीच्या वेगात कुठलीच गाडी थरथरत नाही.

सकाळी सहाला, ऊसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत, कळंब्याच्या पुढे इस्पुर्लीच्या दिशेने नेली. वेग मोबाइलवरून बघितला. ४० पर्यंत काही नाही, फक्त गाडी सरळ राहत नाही, सारखी सावरावी लागते. ५० ला डावं चाक एका बुजवलेल्या खड्ड्याच्या उंचवट्यावरून गेलं आणि भूत लागलंच. स्टिअरिंग हातातून हिसकत होतं, पुढचे दिवे नाही-नाही म्हणाल्यासारखे हलत होते, मडगार्ड वेगळ्याच तालावर. हात घट्ट धरून काही उपयोग नाही. वेग २५ च्या खाली आला तेव्हा थांबलं. आण्णा शेजारी बसले होते. चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलेले, पण दाराचा कठडा धरून होते.

परत येऊन आधी हवा बघितली. डावीकडे २६, उजवीकडे ३४. या गाडीला फोर्डने ३५ पाउंड सांगितलेत. दोन्हीकडे ३५ भरली आणि पुन्हा नेली. थोडा फरक: आता त्याच उंचवट्यावर दोनदा काही झालं नाही, तिसऱ्यांदा झालं. हवा हे कारण नव्हे, पण हवा कमी असली की भुताला वाट सोपी होते.

४ डिसेंबर

पुढचा एक्सल घोड्यांवर (स्टँडवर) घेतला. चाक वर-खाली धरून हलवलं, दोन्हीकडे खडखड. आता ही खडखड बेअरिंगची की किंगपिनची, म्हणजे ज्या उभ्या पिनेवर चाक वळतं तिची? जुनी युक्ती: दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक लागला की ड्रम आणि मागची प्लेट एक होतात आणि बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, गायब होतो. तरीही उरला तो किंगपिनचा. डावीकडे ब्रेक दाबल्यावर खडखड गेली: बेअरिंग. नट कसून एक खाच मागे घेतला, पिन घातली, संपलं. उजवीकडे ब्रेक दाबूनही चाक हलतंच: किंगपिन.

तात्या म्हणतात किंगपिन आणि तिच्याभोवतीचे बुश तीन वर्षांपूर्वीच नवे टाकलेत. कुठे टाकले ते इथे लिहीत नाही. पिन काढली तर वरच्या बुशला ती फक्त एका कडेला घासलेली आणि खालच्याला बरोबर विरुद्ध कडेला. म्हणजे दोन्ही बुश वेगवेगळे रीम केले (आतून मापाला कातले), एका रेषेत नाही. असं काम हातात घट्ट लागतं, मालक खूश होतो, आणि कडा झिजल्या की हजारभर किलोमीटरात पुन्हा ढिलं. या गाडीत आणखी एक गंमत आहे: पुढच्या ब्रेकची दाबपिन या किंगपिनच्या पोटातूनच खाली जाते. त्यामुळे पिन तिरकी बसली की ब्रेकही त्या बाजूला वेगळा लागतो. तात्यांना विचारलं, ब्रेक मारल्यावर गाडी ओढते का? "ती तर पहिल्यापासून ओढते." पहिल्यापासून म्हणजे तीन वर्षांपासून, हे नंतर निघालं.

८ डिसेंबर

आज चूक केली असं म्हणावं की शहाणपण, ठरत नाही.

स्टिअरिंग बॉक्स फार जड वाटत होता. बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा, ड्रॅग लिंक, सोडवून नुसतं स्टिअरिंग फिरवलं तर मध्यावर ठीक, पण कडेला जाताना अडकतं. दात नेहमी मध्यावर झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जाते. कुणीतरी मध्यावरचा प्ले काढायला ॲडजस्टमेंट आवळली, मग कडेच्या न झिजलेल्या दातांवर ती जाम बसली. पद्धतीने केलं: आधी वर्मचा (स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या आट्याचा) पुढे-मागे होणारा प्ले, मग सेक्टरचा (त्यात अडकणाऱ्या दात्यांच्या तुकड्याचा), शेवटी दातांची मिळवणी. स्टिअरिंग बोटाने फिरायला लागलं.

मग रस्त्यावर नेली. कालपर्यंत ५० ला येणारी थरथर आज ४२ ला आली, आणि जास्त जोरात.

आण्णा हसले. "कुणीतरी भूत पकडून डब्यात कोंडलं होतं, तुम्ही झाकण उघडलंत." खरं आहे. जाम झालेला बॉक्स घर्षणाने थरथर दाबून धरत होता. म्हणजे आधीच्या कारागिराने रोग बरा केला नव्हता, रोग्याचे हात बांधले होते. आण्णांचं म्हणणं, थरथर दाबणारा जीपचा स्टिअरिंग डँपर लावू, दोन तासांचं काम, तात्या वाडीला जातील. नाही म्हटलं. तो डँपर म्हणजे तेच झाकण, नुसतं विकत आणलेलं. बॉक्स परत आवळणार नाही. आता निदान थरथर उघडी दिसते.

११ डिसेंबर

आज मोजलं. हे आधीच करायला हवं होतं.

मोबाइल क्लँपने बंपरच्या दांड्याला बांधला, डाव्या चाकाकडे तोंड करून. सेकंदाला २४० चित्रं. टायरवर खडूची पांढरी रेघ. एका फेऱ्यात चाक किती जातं ते कारखान्याच्या फरशीवर मोजलं: २ मीटर २० सेंटिमीटर.

५० च्या वेगाला चाकाचा एक फेरा ३८ चित्रांत होतो, म्हणजे सेकंदाला सव्वासहा फेरे. थरथरीचा एक पूर्ण झोका मात्र २५ चित्रांत, म्हणजे सेकंदाला साडेनऊ. वेग ३५ वर उतरला तेव्हा फेऱ्याला ५४ चित्रं लागायला लागली, झोका मात्र २६ वरच.

इथेच निम्मं निदान झालं. दोष चाकाच्या गोलाईत किंवा तोलात असता तर थरथर चाकाच्या फेऱ्याबरोबर चालली असती, वेग कमी तर तीही कमी. ही स्वतःच्याच तालावर चालते, वेगाची फिकीर नाही. म्हणजे चाकं बॅलन्स करून ही जाणार नाही. तात्यांनी आजवर तीनदा बॅलन्स करून घेतलीत.

रात्री ७० पर्यंत नेऊन पुन्हा चित्रण बघितलं. ६५ च्या पुढे आणखी एक बारीक थरथर आहे, ती मात्र फेऱ्याला बरोबर एक. म्हणजे दोन वेगवेगळे आजार एकाच गाडीत. बारीक आजार मोठ्याच्या नावावर खपत होता. तिचं नंतर बघू.

१२ डिसेंबर

मोठ्या थरथरीचं थोडं, कारण आण्णांचा पुतण्या विचारत होता की खड्डा तर एकदाच लागतो, मग चाक नंतरही का हलत राहतं.

या गाडीचा पुढचा एक्सल एकच अखंड दांडा आहे, दोन्ही चाकं त्याच्या टोकांना. डावं चाक वर उचललं गेलं की एक्सल कलतो आणि दोन्ही चाकं कलतात. फिरता भोवरा बोटाने एका बाजूला ढकलला तर तो तिकडे न जाता भलतीकडेच वळतो. चाक म्हणजे आडवा धरलेला भोवराच. एक्सल कलला की चाक वळायला बघतं. वळलं की तोच भोवरा एक्सलला उलट कलवतो. एक दुसऱ्याला झोका देत राहतो. आणि टायर रस्त्यावर घासत पुढे जात असतो, त्या गतीतून झोक्याला दम मिळत राहतो. सांधे घट्ट आणि शॉक ॲब्सॉर्बर जिवंत असले तर दोन-तीन झोक्यांत दम संपतो. सांध्यांत सैलपणा असला तर तेवढ्या अंतरात चाकाला कुणी अडवतच नाही.

हे दुखणं जगभर १९२० च्या दशकात एकदम बोकाळलं. आधीच्या गाड्यांना अरुंद, कडक हवेचे टायर होते. १९२३ पासून फायरस्टोनने रुंद, कमी हवेचे बलून टायर आणले, त्याच सुमारास पुढच्या चाकांना ब्रेक आले आणि पुढचं टोक जड झालं. अमेरिकेत याला शिमी म्हणायला लागले, त्या काळच्या एका अंग घुसळणाऱ्या नाचावरून. फ्रान्समध्ये जॉर्ज ब्रुलिए या इंजिनिअरने १९२५ मध्ये टायर तिरका घसरत पुढे कसा जातो हे मांडून या थरथरीचा हिशेब लावला. पुढे १९३४ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने प्रत्येक पुढचं चाक वेगळं टांगायला सुरुवात केली. फोर्ड मात्र १९४८ च्या मॉडेलपर्यंत आडव्या पाट्याच्या स्प्रिंगला आणि अखंड एक्सललाच धरून बसला. तेव्हा आमच्या तात्यांची गाडी काही जगावेगळी नाही.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे खड्ड्याचा दोष नाही." नाही. खड्डा फक्त टाळी देतो.

१८ डिसेंबर

टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक उघडले. या सांध्यांत गोळा असतो, दोन्ही बाजूंनी वाट्या, मागे स्प्रिंग. मूळ गोळा एक इंचाचा. मायक्रोमीटर लावला तर उजवीकडचा एका दिशेने एक इंचाला पंधरा हजारांश कमी, दुसऱ्या दिशेने साठ हजारांश कमी. गोळा कसला, अंडं. अंड्याभोवती वाटी कितीही आवळली तरी सरळ जाताना ढिली आणि वळताना घट्ट. इथेही प्लग पार शेवटपर्यंत आवळलेला, स्प्रिंग दबून निकामी. सगळ्या गाडीभर एकच औषध: आवळा.

दांड्यावर नवा गोळा वेल्ड करून देणारे आहेत. मी स्टिअरिंगच्या भागाला टाका मारत नाही, यावर चर्चा नाही. नवे आर्म, किंगपिन आणि बुश अमेरिकेतून मागवले. मॉडेल ए अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास निघाल्या, त्यामुळे तिकडे सगळं अजून नवं बनवून मिळतं. कस्टमचं आपल्या नशिबावर.

२२ डिसेंबर

माल येईपर्यंत खाली शिरलो. आजचा दिवस वसूल.

आधी कॅस्टर. किंगपिन वरच्या टोकाला किती मागे कललेली आहे तो कोन. फोर्डचा आकडा ५ अंश. फरशी पाण्याच्या लेव्हलने तपासली, ओळंबा सोडला. डावीकडे ३, उजवीकडे २. गाडी सरळ का राहत नाही ते कळलं, हातगाडीच्या पुढच्या फिरत्या चाकाला कल नसावा तशी गत.

पण ५ चे ३ झाले कसे? एक्सलपासून व्ही आकाराचा दांडा मागे जातो आणि क्लचच्या घराखाली एका गोळ्यावर टेकतो. याला विशबोन म्हणतात. एक्सल पुढे-मागे जाऊ नये, पिळला जाऊ नये, हे त्याचं काम. गाडीचं नाक वर उचललं की तो मागचा गोळाही वर जातो आणि एक्सल पुढे झुकतो. हिशेबाने दर अर्ध्या इंचाला पाऊण अंशाच्या आसपास. पाटे मोजले, तर एक जादा. खराब रस्त्यांसाठी कुणीतरी मजबुती म्हणून घातलाय. नाक जवळजवळ दीड इंच वर. दोन अंशांचा हिशेब तिथे लागला.

मग तो मागचा गोळा उघडला. टोपीचे दोन बोल्ट, खाली स्प्रिंगा, आणि आत काळं, तेलात भिजलेलं, घडी घातलेलं काहीतरी. चिमट्याने ओढून काढलं: चामड्याचा तुकडा. गोळा खालच्या अंगाने सपाट झालेला, तो हलू नये म्हणून कुणीतरी चामडं कोंबलेलं. कोल्हापूर आहे, चामडं हाताशी असणारच. वापर चांगला झालाय म्हणायचं, बरीच वर्षं टिकलं असेल. चामडं काढल्यावर पहार लावून बघितली तर गोळा सगळीकडे पाव इंच हलतो. म्हणजे अख्खा एक्सल तेवढा हलतो, चाकांसकट.

किंगपिन, टाय रॉड, बॉक्स, बॅलन्सिंग, सगळं होऊन गेलं होतं. इथे कुणी बघितलंच नव्हतं, कारण त्यासाठी पाठीवर झोपून क्लचखाली जावं लागतं. आण्णा: "आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला."

२९ डिसेंबर

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. किंगपिन तशीच, गोळे तसेच अंड्यासारखे, जादा पाटा तसाच. फक्त विशबोनच्या गोळ्यावर लेथवर पितळी वाटीचे दोन अर्धे करून बसवले, टोपी नीट आवळली.

तोच रस्ता, तोच उंचवटा, तोच वेग. स्टिअरिंग हिसकलं. एक, दोन, तीन, चार, पाच... आणि विरलं. चित्रणात मोजलं तर सहा झोके. आधी वेग २५ वर येईपर्यंत थांबतच नव्हतं.

दोन-तीन जणांनी सुचवलंय की पाचरी घालून कॅस्टर ८ अंश करा, गाडी बाणासारखी जाईल. सरळ जाईल, हे खरं. पण कॅस्टर वाढवला की थरथर उलट जास्त भडकते. भरकटणं आणि थरथरणं हे दोन वेगळे रोग आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष. फोर्डने ५ सांगितले ते ५ च.

५ जानेवारी २०२५

पाटेवाल्याकडे जादा पाटा काढला, बाकीच्यांचा कल बघितला, मधे ग्रीस. नाक खाली आलं. आता डावीकडे ५, उजवीकडे ४. हा एक अंश विशबोनच्या उजव्या पायात आहे, कधीतरी त्यालाच साखळी लावून गाडी ओढली असणार. गरम न करता प्रेसवर हळूहळू, दर वेळी थोडं. साडेचारवर थांबलो. अर्ध्या अंशासाठी नव्वदी ओलांडलेल्या लोखंडाशी भांडायचं नाही.

१४ जानेवारी

माल आला. कस्टमची रक्कम तिळगूळ खाऊनही गोड लागली नाही. बुश दाबून बसवले आणि लांब रीमरने, खालच्या बुशचा आधार घेत वरचा, मग उलट, एका रेषेत काढले. तेल लावलेली पिन अंगठ्याने जाते, आपल्या वजनाने पडत नाही. तेवढंच हवं. एक्सल आणि चाकाच्या स्टबच्या मधली वर-खाली फट शिमने, म्हणजे पातळ चकतीने, काढली.

१९ जानेवारी

जोडणी. नव्या गोळ्यांच्या प्लगला पूर्ण आवळून मग मागे घेतलं, स्प्रिंगला जागा हवी. टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या अंगाला किती आत वळलीत ते: चाक फिरवत टायरच्या मधोमध खिळ्याने बारीक रेघ मारली, पुढचं आणि मागचं अंतर मोजलं. आधी तब्बल तीन अष्टमांश इंच होता, हवा एक सोळांश. टायर बाहेरच्या कडेने का खात होते तेही सुटलं. ब्रेकच्या दाबपिना पुन्हा ॲडजस्ट केल्या. पुढचे हूडाय शॉक ॲब्सॉर्बर दोन्ही कोरडे, दांडा बोटाने वर-खाली. डावा सीलसह दुरुस्त झाला, उजव्याचा शाफ्ट गेलाय.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून थेट रस्त्यावर. ५० ला उंचवटा: एक हिसका, अर्धा झोका, संपलं. ५५, ६०, तेच. मुद्दाम डावीकडची हवा २८ केली: दोन झोके. पुन्हा ३५ केली. बॉक्स हलकाच ठेवलाय, वळणावरून स्टिअरिंग स्वतःहून परत येतं. ब्रेक मारला, गाडी ओढत नाही. आण्णांनी येताना कठडा धरला नाही, तंबाखू मळत होते.

६६ ला ती बारीक थरथर अजून आहे. फेऱ्याला एक.

२९ जानेवारी

उजवं चाक फिरवून डायल गेज: रिम ठीक, टायर एका जागी पाच मिलिमीटर चपटा. स्टेपनीशी अदलाबदल केली. ६६ ला शांत. तो टायर दिसायला नवा आहे, पण बरीच वर्षं एकाच जागी गाडीच्या वजनाखाली बसलेला. आता मागे स्टेपनीच्या जागी टांगलाय.

२ फेब्रुवारी

तात्या आले, स्वतः चालवली. परत येऊन म्हणाले, "स्टिअरिंग जरा ढिलं वाटतंय." चाळीस वर्षं त्यांनी ही गाडी दोन्ही हातांनी आवळून चालवलीय. एका हाताने पुन्हा चालवायला लावली. या वेळी काही बोलले नाहीत, दोन फेऱ्या जास्त मारल्या.

चामड्याचा तुकडा, अंड्यासारखे गोळे आणि जुन्या पिना एका डब्यात घालून गाडीच्या मागच्या सीटखाली ठेवल्या, पुढच्या मिस्त्रीला कळावं म्हणून. पितळी वाटी पाचशे किलोमीटरनंतर उघडून बघायची. उजवा शॉक ॲब्सॉर्बर अजून बाकी, शाफ्ट कडक करायला दिलाय.

वाडीला जाताना हवा ३५.